लग्न म्हणजे नेमकं काय 'लागतं'?

आजचा विषय एकाच शब्दाचा आहे, आणि तो शब्द असा आहे की या सभागृहात बसलेल्या प्रत्येकाला आपल्याला तो नीट कळतो अशी खात्री असते. लग्न. आम्हालाही तशीच खात्री होती. मग एका घरी पत्रिका जुळवण्याची बैठक चालली होती, तिथे आम्ही उगाच बसलो होतो. मुलीच्या मामांनी मुलाचा कागद पुढे ओढला, चौकटीतलं पहिलं घर पाहिलं आणि म्हणाले, "ही लग्नकुंडली आहे ना, मग लग्नाचं सगळं हिच्यातच असणार." तिथे बसलेले गुरुजी शांतपणे म्हणाले, "मामा, लग्नकुंडली संन्याशाचीही असते."

आपला गोंधळ इथेच आहे. लग्नकुंडली म्हणजे लग्नासाठी काढलेली कुंडली, असं निम्म्याहून अधिक लोक समजतात. तसं नाही. ज्या कुंडलीत पहिल्या घरात 'लग्न' मांडलेलं असतं ती लग्नकुंडली. आणि ज्योतिषात विवाहाचं घर पहिलं नव्हे, सातवं. म्हणजे ज्या घराला 'लग्न' म्हणतात तिथे विवाह पाहत नाहीत, आणि जिथे विवाह पाहतात त्याला 'लग्न' म्हणत नाहीत. असं कसं झालं, हे आज बघायचं आहे. ज्योतिष खरं की खोटं हा आजचा प्रश्न नाही. त्यावर आमचं मत आहे, पण शब्दाचा इतिहास समजायला ते लागत नाही.

सुरुवात धातूपासून करू. संस्कृतात 'लग्' हा धातू आहे. अर्थ चिकटणे, जोडले जाणे, स्पर्श करून राहणे. त्याचं भूतकाळवाचक विशेषण 'लग्न', म्हणजे चिकटलेलं, जोडलेलं. हा शेवटचा 'न' आपल्या ओळखीचा आहे. भंग पावलेलं ते भग्न, बुडालेलं ते मग्न, रोगाने गाठलेला तो रुग्ण. तशा पंगतीतला हा लग्न. नेहमीच्या नियमाने 'लगित' असं रूप व्हायला हवं होतं, म्हणून पाणिनीने 'सक्त', म्हणजे जडलेला, या अर्थी 'लग्न' हे रूप मुद्दाम एका सूत्रात नोंदवून ठेवलं आहे. त्या सूत्रात विवाहाचा वासही नाही.

अमरकोशात याच कुळातला 'लग्नक' असा एक शब्द येतो. अर्थ काय असेल? नवरदेव? नाही. जामीन. दुसऱ्याच्या कर्जाला जो स्वतःला चिकटवून घेतो तो लग्नक. (हशा) हसू नका, काहींना यात फरक दिसत नसेल.

आता मराठीत या. 'लग्'पासून आलेलं केवढं गणगोत आपण रोज वापरतो बघा. लागणे, लावणे, लागण, लागवड, लगत, लगट, लगेच, लागलीच, लागू. विद्यापीठाला 'संलग्न' महाविद्यालय. मात्र 'लगाम' यात घालू नका. तो फारसीतून आला, त्याचा या घराण्याशी संबंध नाही. लगाम आणि लग्न यांचं नातं जोडणारा विनोद दर हंगामात फिरतो. विनोद म्हणून चालेल, व्युत्पत्ती म्हणून नाही.

मौज 'लागणे' या क्रियापदात आहे. संस्कृत 'लग्न'चं प्राकृतात 'लग्ग' झालं, आणि त्या 'लग्ग'वरून आपलं 'लागणे' आलं. म्हणजे आपण जेव्हा म्हणतो 'लग्न लागलं', तेव्हा एकच शब्द दोनदा उच्चारतो. एकदा संस्कृतातून जसाच्या तसा उचललेला, आणि एकदा दीड-दोन हजार वर्षं लोकांच्या तोंडी घासून गुळगुळीत झालेला. खेड्यात 'लगीन' म्हणतात ते तिसरं रूप, या दोघांच्या मधलं. 'लगीनघाई', 'लगीनसराई' यांत ते टिकलं आहे. शिकलेली माणसं 'लगीन'ला अशुद्ध समजतात. आम्हाला ते समजत नाही. 'लागणे' शुद्ध आणि 'लगीन' अशुद्ध, हे कुठल्या न्यायाने?

तर मूळ अर्थ चिकटलेलं. इथे बहुतेक जण थांबतात आणि म्हणतात, बरोबर आहे, दोन जीव एकमेकांना चिकटले, म्हणून लग्न. भाषणांत, निवेदनांत, सोहळ्याच्या सूत्रसंचालनात हे हमखास ऐकू येतं. ऐकायला गोड आहे, पण रस्ता असा गेलेला नाही. या शब्दात जे चिकटलं ते वधूवर नव्हेत. चिकटली ती रास, आणि कशाला, तर क्षितिजाला.

हे जरा नीट सांगावं लागेल. सूर्य वर्षभर ज्या मार्गाने फिरताना दिसतो त्याला क्रांतिवृत्त म्हणतात. त्याचे बारा समान भाग केले की बारा राशी. पृथ्वी फिरते म्हणून हे अख्खं वर्तुळ एका दिवसात आपल्या डोक्यावरून एकदा फिरून जातं. त्यामुळे कोणत्याही क्षणी पूर्वेला पाहिलं तर क्रांतिवृत्ताचा कुठला तरी एक बिंदू क्षितिजाला टेकून वर येत असतो. त्या क्षणी क्षितिजाला लागलेला तो बिंदू, किंवा ती रास, म्हणजे त्या वेळेचं लग्न. दिवसाही असतं, रात्रीही असतं, ढगातही असतं. तुम्ही इथे बसला आहात तेव्हाही एक लग्न चालू आहे आणि आमचं बोलणं संपेपर्यंत ते बरंच पुढे सरकलेलं असेल.

किती वेगाने? 24 तासांत 12 राशी, म्हणजे सरासरी दोन तासांना एक. जुन्या मापात 60 घटकांचा दिवस, एक घटका 24 मिनिटांची, म्हणजे एका राशीला सरासरी 5 घटका. पण ही सरासरी झाली. क्रांतिवृत्त तिरपं असल्यामुळे सगळ्या राशी सारख्या वेळात उगवत नाहीत. विषुववृत्तावरच्या, जुन्या ग्रंथांच्या भाषेत लंकेवरच्या, वेळा अशा: मेष 278 पळं, वृषभ 299, मिथुन 323. पळ म्हणजे 24 सेकंद. हिशेब केलात तर मेषेला 1 तास 51 मिनिटं आणि मिथुनेला 2 तास 9 मिनिटं लागतात. आपण विषुववृत्ताच्या उत्तरेला, म्हणून आपल्या गावासाठी यात आणखी बेरीज-वजाबाकी करावी लागते. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी शके 1442 मध्ये, म्हणजे 1520 साली, 'ग्रहलाघव' लिहिलं ते असली अवघड गणितं सामान्य जोश्याच्या आवाक्यात यावीत म्हणूनच. पुढे कित्येक पिढ्या महाराष्ट्रातली पंचांगं त्या पुस्तकावर निघाली.

मुहूर्ताचे ग्रंथ एवढ्यावर थांबत नाहीत. राशीचा नववा भाग, म्हणजे नवमांश, तोही पाहा म्हणतात. 30 अंशांचा नववा भाग 3 अंश 20 कला, वेळेत साधारण 13 मिनिटं. आता लक्षात घ्या, पत्रिकेवर मुहूर्त '12 वाजून 35 मिनिटं' असा का छापलेला असतो. साडेबारा म्हणून का भागत नाही? कारण ते मिनिट हॉलच्या सोयीने काढलेलं नसतं, आकाशाच्या हिशेबाने काढलेलं असतं. आणि मग नवरदेवाची वरात बँडसमोर नाचत 1 वाजून 50 मिनिटांनी मांडवात पोचते, गुरुजी घड्याळाकडे न पाहता अंतरपाट धरायला सांगतात. तोपर्यंत काढलेलं लग्न क्षितिजावरून केव्हाच वर निघून गेलेलं असतं. शब्दाच्या मूळ अर्थाने पाहिलं तर अशा समारंभात विवाह होतो, लग्न चुकतं.

ही राशींची, लग्नांची भाषा मुळात आपली आहे का, असा प्रश्न दरवेळी येतो. शंकर बाळकृष्ण दीक्षितांचं 'भारतीय ज्योतिःशास्त्र' हे 1896 सालचं पुस्तक अजून वाचण्यासारखं आहे, त्यात या वादाची सविस्तर चर्चा सापडेल. आम्ही एकच खूण दाखवतो. कुंडलीतल्या विवाहाच्या सातव्या घराला संस्कृत ग्रंथांत 'जामित्र' असं एक नाव आहे. दिसायला अस्सल संस्कृत, पण शब्द ग्रीक. 'डायामेट्रॉन', म्हणजे व्यास, आरपार समोरचा. पहिल्या घराच्या बरोबर समोर सातवं, म्हणून जामित्र. 'होरा' हाही असाच ग्रीक. 'लग्न' शब्द मात्र इथला. म्हणजे बाहेरून आलेल्या कल्पनेला आपण काही ठिकाणी बाहेरचंच नाव ठेवलं आणि काही ठिकाणी घरचा शब्द दिला.

त्याआधी काय होतं? ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात सूर्येच्या विवाहाचं सूक्त आहे. त्यात वेळ सांगितली आहे ती नक्षत्रांची, मघा आणि फल्गुनी यांची त्या काळची नावं घेऊन. रास नाही, लग्न नाही. आश्वलायन गृह्यसूत्रात उत्तरायण, शुक्लपक्ष आणि चांगलं नक्षत्र एवढंच मागितलं आहे, आणि लगेच पुढे म्हटलं आहे की काही आचार्यांच्या मते विवाह केव्हाही करावा. हे सूत्र आम्हाला फार आवडतं. चातुर्मासात हॉल स्वस्त मिळतो म्हणून 'काढीव मुहूर्त' शोधणाऱ्यांनी ते गुरुजींना जरूर दाखवावं. तर वैदिक काळात विवाह होते, पाणिग्रहण होतं, सात पावलं होती. 'लग्न' नव्हतं. ते नंतर आलं, वेळेच्या हिशेबाबरोबर आलं.

एकदा ती वेळ इतकी महत्त्वाची ठरली की ती मोजायची कशी हा प्रश्न आला. घड्याळ नव्हतं. मग घटिकापात्र. तांब्याची एक हलकी वाटी, तिच्या बुडाला बारीक छिद्र. पाण्याने भरलेल्या घंगाळात ती तरंगत सोडायची. छिद्रातून पाणी आत चढतं आणि बरोबर एका घटकेत वाटी बुडते. छिद्राचं माप आणि वाटीचं वजन जुळवणं हे मोठं कसबाचं काम. लग्नघरी हे पात्र मांडून त्याची पूजा करत, आणि एक माणूस त्यावर नजर ठेवून बसे. बुडालं की उचलायचं, रिकामं करायचं, पुन्हा सोडायचं, आणि मोजत राहायचं. 'घटका भरली' हा वाक्प्रचार या पात्रातून आला आहे. आज तो फक्त मरणाऱ्या माणसाबद्दल किंवा पापाच्या हिशेबाबद्दल वापरतात, पण मांडवातही घटका भरतच होती. 'शेवटच्या घटका मोजणे', 'घटकाभर बस', इतकंच काय मनगटावरचं 'घड्याळ', सगळे त्या एका वाटीचे वंशज.

आता मंगलाष्टकांकडे पाहा. वधूवर समोरासमोर, मध्ये अंतरपाट, आणि गुरुजी एकामागून एक श्लोक म्हणतात. आपल्याला वाटतं, हे आशीर्वादाचे श्लोक. आहेतच. पण ते वेळ भरण्याचंही काम करतात. ठरलेला क्षण येईपर्यंत दोघांनी एकमेकांना पाहायचं नाही, पाहुण्यांनी अक्षता टाकायच्या नाहीत, आणि तोवर सगळ्यांना एका जागी उभं ठेवायचं. म्हणून प्रत्येक श्लोकाच्या शेवटी 'सावधान'. स-अवधान, लक्ष द्या, वेळ जवळ येतेय. जांबच्या नारायणाने, म्हणजे समर्थ रामदासांनी, हा शब्द ऐकला आणि बोहल्यावरून पळ काढला अशी आख्यायिका आहे. त्यांनी घेतलेला अर्थ वेगळा, गुरुजींच्या मनातला वेगळा. शेवटचं 'सावधान' झालं, अंतरपाट बाजूला ओढला, ताशे वाजले, अक्षता पडल्या, की म्हणायचं: लग्न लागलं. म्हणजे काढलेली रास क्षितिजाला लागली, तो क्षण आला.

इथे शब्दाने उडी मारली. आधी 'लग्न' म्हणजे क्षितिजाला लागलेली रास. मग ती रास लागण्याची वेळ. मग त्या वेळेला होणारा विधी. आणि शेवटी त्या विधीतून उभं राहणारं आयुष्यभराचं नातं, ज्याला आपण 'त्यांचं लग्न टिकलं' म्हणतो. मोल्सवर्थच्या 1857 च्या कोशात राशीचा अर्थही आहे आणि विवाहाचाही, दोन्ही शेजारी नांदताना दिसतात.

वेळेचं नाव समारंभाला मिळणं ही मराठीची सवयच आहे. बाराव्या दिवशी करायचं म्हणून बारसं. आता ते तीन महिन्यांनीही करतात, तरी बारसंच. माणूस गेल्यावर 'दहावा', 'तेरावा' करतात. प्रतिपदेचा पाडवा झाला. तसंच लग्नाचं. आणि एकदा नाव चिकटलं की मूळ कारण गेलं तरी नाव सुटत नाही.

शेजारच्या भाषांत हीच गोष्ट वेगवेगळ्या टप्प्यांवर थांबलेली दिसते. गुजरातीत आपल्यासारखंच, लग्न म्हणजे विवाह. कन्नडमध्ये प्रमाण शब्द 'मदुवे', पण उत्तर कर्नाटकात लोक 'लग्न' सर्रास म्हणतात. तेलुगूत 'लग्नम्' अजून मुहूर्तालाच चिकटून आहे. हिंदीत 'लगन' आहे, पण रोजचा शब्द 'शादी', फारसीतला, ज्याचा मूळ अर्थ आनंद. बंगालीत लग्न म्हणजे फक्त ती शुभवेळ, आणि तिथे या शब्दाने एक भयंकर शब्द जन्माला घातला: 'लग्नभ्रष्टा'. मांडव सजला, मुलगी नटून बसली, आणि ठरलेल्या लग्नवेळेत विवाह झाला नाही, तर ती मुलगी लग्नभ्रष्टा. तिच्याशी पुढे कोणी विवाह करायचा नाही. सत्यजित राय यांचा 1959 चा 'अपूर संसार' आठवा. नवरदेव वेडसर निघतो, वेळ निघून चालली आहे, आणि मित्राबरोबर नुसता पाहुणा म्हणून आलेल्या अपूला त्याच रात्री त्या मुलीशी विवाह करावा लागतो. पाहताना आपल्याला हे कथेतलं नाट्य वाटतं. पण ज्या मुलींना तसा अपू भेटला नसेल त्यांचं काय झालं असेल? क्षितिजावरून एक बिंदू सरकला आणि शिक्षा कोणाला, तर जिने काहीच केलं नाही तिला.

आपल्याकडे एवढं टोक गाठलं गेलं नाही, याचं थोडं श्रेय गोरज मुहूर्ताला द्यावं असं आम्हाला वाटतं. संध्याकाळी गुरं घरी परततात, त्यांच्या खुरांची धूळ उडते ती वेळ. मुहूर्तग्रंथांनीच सांगून ठेवलं आहे की या वेळेला फारसं लग्नशुद्धीचं गणित पाहू नये. ज्यांना जोशी परवडत नव्हता किंवा घटिकापात्र नव्हतं, त्यांच्यासाठी गाईंनी वेळ दाखवली.

आता आपण या शब्दाबरोबर कुठली क्रियापदं वापरतो ते पाहू. आजचा खरा मुद्दा आमच्या मते तोच आहे. मराठीत लग्न लागतं, लग्न लावतात, लग्न लावून देतात, लग्न जमतं, लग्न होतं, आणि लग्न करतात. 'लागणे' हे क्रियापद कुठे कुठे येतं? भूक लागते, ठेच लागते, वेड लागतं, आग लागते. या सगळ्या आपल्यावर येणाऱ्या गोष्टी, आपण केलेल्या नव्हेत. तसंच लग्न लागतं. लावणारे दुसरे, वडील, काका, गुरुजी. ज्यांचं लागतं त्यांना वाक्यात कर्त्याची जागाच नाही. 'तिचं लग्न लावून दिलं.' तिचं. षष्ठी. ती कर्ता नाही, कर्मही नाही, नुसता संबंध.

हा व्याकरणाचा खेळ वाटत असेल तर रखमाबाईंचा खटला आठवा. अकराव्या वर्षी त्यांचं लग्न लावून दिलं गेलं, दादाजी भिकाजी यांच्याशी. त्या सासरी नांदायला गेल्याच नाहीत. 1884 मध्ये नवऱ्याने मुंबई हायकोर्टात दावा लावला. त्यांची बाजू अशी होती की ज्या विवाहाला मी संमती देण्याच्या वयाचीच नव्हते, तो माझ्यावर लादता येणार नाही. 1885 मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी निकाल त्यांच्या बाजूने दिला. अपिलानंतर प्रकरण पुन्हा उभं राहिलं आणि 1887 मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी सांगितलं, नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. त्या तुरुंगात जायला तयार झाल्या. शेवटी 1888 मध्ये तडजोड झाली. रखमाबाई पुढे लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या. त्या काळच्या वृत्तपत्रांतला वाद वाचला तर सगळ्या भांडणाच्या तळाशी हाच प्रश्न दिसतो, लग्न हे लागतं की करायचं असतं. 1891 चा संमतिवयाचा कायदा त्याच वादळातून आला. 1929 च्या सारडा कायद्याने मुलीसाठी 14 आणि मुलासाठी 18 वर्षं ठरवली, आणि आजची 18 आणि 21 ही वयं 1978 पासूनची.

आता मधल्या रांगेतून एक चिठ्ठी आली आहे. 'सर, अक्षता पडल्या म्हणजे लग्न लागलं, पण मग सप्तपदी कशाला?' चांगला प्रश्न आहे, आणि तो नुसता पुस्तकी नाही.

लोकव्यवहारात अक्षता पडल्या की लग्न लागलं. अर्धे पाहुणे त्याच क्षणी पंगतीकडे वळतात, होम आणि सप्तपदीला घरचे सात-आठ जण उरतात, फोटोवाला धरून. पण 1955 चा हिंदू विवाह कायदा अक्षतांबद्दल, अंतरपाटाबद्दल, मुहूर्ताबद्दल काही म्हणत नाही. त्याचं सातवं कलम म्हणतं, दोघांपैकी कोणाच्याही रूढीप्रमाणे विधी व्हावेत, आणि त्या विधींत सप्तपदी असेल तर सातवं पाऊल पडल्यावर विवाह पूर्ण आणि बंधनकारक होतो. म्हणजे आपल्या भाषेत लग्न ज्या क्षणी 'लागतं', तो क्षण कायद्याला ओळखूच येत नाही.

याने कोणाचं काय बिघडतं? महाराष्ट्रातलाच एक खटला 1965 मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेला. पहिली बायको हयात असताना नवऱ्याने दुसरं लग्न केलं, खालच्या कोर्टांनी त्याला दोषी धरलं होतं. त्याने सांगितलं, हे लग्न कायद्याच्या दृष्टीने लग्नच नव्हे. न्यायालयाने पाहिलं, अग्नीसमोर प्रार्थना आणि सप्तपदी हे दोन आवश्यक विधी झाल्याचा पुरावा नाही. त्यांची गरज नाही अशी रूढी त्या समाजात आहे, हेही सिद्ध झालं नाही. म्हणून दुसरा विवाह विधिपूर्वक झालेला नाही, आणि विवाहच नाही तर द्विभार्येचा गुन्हा नाही. नवरा सुटला. गावाच्या लेखी दुसरं लग्न लागलेलं, कोर्टाच्या लेखी नाही. यात पहिलीला न्याय मिळाला नाही, आणि दुसरीलाही बायको म्हणून काही उरलं नाही. पुढे अनेक खटल्यांत हा निकाल आधाराला घेतला गेला. वकिलांना तो तोंडपाठ असतो. मुलींच्या आईवडिलांना माहीत असायला हवा असं आमचं मत आहे. 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा बजावलं आहे की आवश्यक विधी झालेच नसतील तर नुसत्या नोंदणीच्या कागदाने हिंदू विवाह सिद्ध होत नाही. म्हणून सप्तपदीच्या वेळी फोटोवाल्याला जेवायला पाठवू नका. ज्यांना विधी नको असतील त्यांच्यासाठी 1954 चा विशेष विवाह कायदा आहे, तिथे 30 दिवसांची नोटीस द्यायची आणि नोंदणी अधिकाऱ्यासमोर, साक्षीदारांदेखत, एकमेकांचा स्वीकार केल्याचं स्वतःच्या तोंडाने म्हणायचं.

आणखी एक चिठ्ठी, जरा रागाने लिहिलेली दिसते: 'शब्द ज्योतिषाचा आहे तर ज्योतिष न मानणाऱ्यांनी तो वापरावा का?' बाई असोत की बुवा, लिहिणाऱ्याने नाव दिलेलं नाही. वापरावा. जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक समाज 1873 मध्ये स्थापन केला आणि त्याच वर्षी डिसेंबरात पुण्यात पहिला सत्यशोधक विवाह झाला, ब्राह्मण पुरोहिताशिवाय. फुल्यांनी त्या पद्धतीसाठी स्वतः मंगलाष्टकं लिहिली, आणि त्यांत वधू आणि वर एकमेकांशी बोलतात, वचनं मागतात आणि देतात. मुहूर्त गेला, जोशी गेला, पण लोक त्याला लग्नच म्हणत राहिले. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत कोंकणीत पोर्तुगीजवरून आलेला 'काजार' शब्द चालतो, आणि त्याच्या जोडीने 'लग्न'ही चालतं. चर्चमधल्या विधीत कुठली रास आणि कुठलं क्षितिज? उलट बाजूने पाहा. बौद्ध विवाहाच्या पत्रिकांवर बहुधा 'मंगल परिणय' असं छापतात. 'परिणय' म्हणजे परि-नी, भोवती नेणे, वधूला अग्नीभोवती नेणे. बौद्ध विधीत अग्नी नाही, फेरे नाहीत. तरी तो शब्द त्यांचा झाला आहे, आणि त्यात काही चूक नाही. 'विवाह'सुद्धा वि-वह्, मुलीला वाहून नेणं. आज नोकरीपायी मुलगाच मुलीच्या शहरात राहायला जातो, म्हणून त्याला वेगळा शब्द शोधत बसायचं का? 'नवरा' तर मुळात 'नव-वर', नवा वर. पन्नास वर्षांनीही तो नवाच. (हशा)

शेवटची चिठ्ठी बघतो, वेळ झाली आहे. 'रजिस्टर लग्न लागतं की होतं?' हा प्रश्न कोणी विचारला असेल त्यांना भाषेचा कान आहे. आम्ही मुद्दाम ऐकत आलो आहोत. 'रजिस्टर लग्न केलं' म्हणतात. 'त्यांचं रजिस्टर झालं' असंही म्हणतात. 'रजिस्टर लग्न लागलं' असं म्हणणारा माणूस आम्हाला अजून भेटलेला नाही. तुम्हाला भेटला तर कळवा.